पिंपळावरच्या पाहुण्याचा बंदोबस्त

९ एप्रिल १९९५, रविवार

उशिराबद्दल क्षमा असावी. ही डायरी श्रीकांतने जानेवारीत त्याच्या बँकेतून आणून दिली आणि मी पहिलं अक्षर आज काढतोय. क्षमा कोणाची मागतोय ते नक्की नाही, कारण ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. सूनबाईने तर नाहीच. अलका, वाचत असशील तर इथेच मीट आणि होती तिथे ठेव.

उशिराचं कारण एवढंच की लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. काल घडलं.

काल दुपारी मुंबईहून फोन. मीरा अभ्यंकर म्हणून कोणी बाई. आवाज गोड. गोड आवाजाची माणसं काहीतरी मागायला आलेली असतात. म्हणाली, जुन्या भुताच्या गोष्टींवर हाताने चित्रं काढून केलेले छोटे सिनेमे मी शोधते आहे, अगदी सुरुवातीच्या काळातले. मुळात झाले थोडे, झाले त्यातले बरेच हरवले, आणि एक तुमच्याकडे उज्जैनला आहे ना, काका?

मी हिला ओळखत नाही आणि ही मला काका म्हणते. विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाली, श्रीपादकाकांनी.

मी राँग नंबर म्हणून फोन ठेवला.

श्रीपाद हा माझा सख्खा धाकटा भाऊ. इंदूरला असतो. आमचं भांडण नाही. बोलणं नाही, इतकंच.

१० एप्रिल, सोमवार. सकाळी

प्रकरण कोर्टात गेलं तर हाताशी असावी म्हणून खरी हकीकत लिहून ठेवतो.

सन १९५७. मी मिलमध्ये टाइमकीपर, श्रीपाद शाळेत ड्रॉइंग मास्तर. माधव नगरात एका खोलीत राहायचो. सिनेमात चित्रं हलतात ती कशी, याचं श्रीपादला वेड लागलं. देवास गेटजवळच्या एका फोटोवाल्याचा कॅमेरा त्याने उसना आणला आणि घरोघरी सांगतात ती मुंज्याची गोष्ट घेतली. मुंज झालेलं पोर सोडमुंजीच्या आधीच गेलं की मुंज्या होऊन पिंपळावर बसतं. येणाऱ्याजाणाऱ्याला छळतं. शेवटी मांत्रिक येऊन त्याला पळवतो. एवढ्यावर चार मिनिटांचा सिनेमा झाला. नाव, पिंपळावरचा पाहुणा.

मुंज्या काढायला पारदर्शक काहीतरी लागतं. ते विकत घेणं आमच्या बसकी बात नव्हती. म्हणून दवाखान्यातले टाकून दिलेले एक्सरे आणायचे, सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचे आणि त्यांच्यावर चित्र काढायचं. काहींवरच्या बरगड्या धुतल्या तरी गेल्या नाहीत. त्यामुळे मुंज्या उडी मारतो तेव्हा मध्येच कोणाच्या तरी बरगड्या चमकून जातात. गणपतीत एकदाच दाखवला, तेव्हा बायका तिथेच किंचाळल्या. हे सगळं श्रेय धुण्याचं, आणि धुणं माझ्याकडे होतं.

मुंज्या श्रीपादने काढला. हजारो वेळा काढला म्हणतात. काढला असेल. पण पिंपळ मी काढला. एकदाच काढला, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो. भूत काय, येतं आणि जातं. झाड नसतं तर ते बसलं असतं कुठे?

श्रीपादला हे पटलं नाही. नावाच्या पाटीवर त्याने लिहिलं, चित्रे श्रीपाद, झाड गोपाळकृष्ण. नुसतं झाड! मी सुचवलं होतं, निर्मिती, दिग्दर्शन आणि वृक्षयोजना. तो हसला. तेवढंच. पुढे तो बदली घेऊन इंदूरला गेला आणि रीळ माझ्याकडे राहिलं. तेव्हापासून मी ते कोणालाही दाखवलेलं नाही. इतकं सुरक्षित आहे.

१३ एप्रिल, गुरुवार

त्या बाईचा पुन्हा फोन. या वेळी श्रीकांतने उचलला. माझा मुलगा बँकेत ऑफिसर आहे, पण फोनवर कोणालाही हो म्हणतो. तेरा मे रोजी ती येणार. स्वतःचं मशीन घेऊन येणार, सिनेमा इथे दाखवणार, मग रीळ मुंबईला नेऊन त्याची नक्कल काढणार आणि परत आणून देणार.

परत आणून देणार म्हणे.

श्रीकांत जेवताना म्हणाला, अण्णा, काकांचे डोळे जात चाललेत. काचबिंदू. डॉक्टर म्हणतात, थोडं दिसतंय ते पावसाळ्यापर्यंत. त्यांना ती फिल्म एकदा बघायची आहे, म्हणून त्यांनीच मीराबाईंना गाठलं.

मी भाताचा घास घेतला आणि विचार केला. डोळे ही सबब असू शकते. बघायचंच होतं तर इतकी वर्षं का नाही बघितलं? अलका म्हणाली, तुम्ही दाखवली नाहीत म्हणून. हिला मध्ये बोलायची सवय आहे.

संकल्प: १) रीळ जिवापलीकडे सांभाळायचं. २) श्रीपादला दाखवायचं, पण उपकार म्हणून. ३) ईसबगोल रोज घ्यायचं.

१७ एप्रिल, सोमवार

टावर चौकात बापूला सगळं सांगितलं. बापू रेल्वेतून रिटायर झालेला, रोज दोन पेपर वाचतो. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, गोपाळराव, देशात काय चाललंय त्याची खबर आहे का? कडुनिंबावर परदेशी कंपन्या पेटंट घेऊन राहिल्या आहेत. गॅट करारावर सही झालेली आहे. आधी निंब गेला, आता पिंपळ. ती बाई कोणाची माणूस आहे ते आधी बघा. उद्या तुमच्याच झाडाखाली बसायचं म्हटलं तर अमेरिकेला विचारावं लागेल.

मी म्हणालो, पण मुंज्या तर ब्राह्मणाचा. बापू म्हणाला, त्यांना काय, ते त्याला पँट घालतील.

रात्रभर झोप नाही. ईसबगोल घ्यायचं राहिलं.

१९ एप्रिल, बुधवार

रिळाचा डबा देवांच्या कपाटातून काढून माझ्या पलंगाखाली ठेवला.

२० एप्रिल, गुरुवार

पलंगाखाली कोणीही बघेल. जुन्या कूलरमध्ये ठेवला.

दुपारी केबलवाला विष्णू तार जोडायला आला आणि नेमका त्या कूलरवर चढला. डबा बघून म्हणाला, बाबूजी, पुरानी रील है क्या? भूतवाली? दे दो ना, अपने लोकल चैनल पे चला दूँगा, नाम भी आएगा आपका. मी म्हणालो, उसमें बिस्किट है. तो म्हणाला, तो एक बिस्किट ही खिला दो. मी म्हणालो, खराब हो गए. तो हसत हसत गेला.

भूतवाली हे त्याला कोणी सांगितलं? अलका म्हणते, अण्णा, सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे, तुम्हीच दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि गॅसवाल्याला सांगितलंत की आमच्याकडे कुठलीही भुताची फिल्म नाही.

२१ एप्रिल, शुक्रवार

डबा गव्हाच्या कोठीत, तळाशी. इथे परमेश्वरालाही सापडणार नाही.

२६ एप्रिल, बुधवार

अलकाला सापडला.

वर्षाचा नवा गहू आला, म्हणून तिने आज कोठी रिकामी केली. मला सांगितलं नाही. घरात कोणी कोणाला काही सांगत नाही. शेजारच्या दोघी मदतीला होत्या. तिघींनी गच्चीवर गहू पसरला आणि डबा हातात घेऊन हसत राहिल्या. अलका म्हणाली, अण्णा, यंदा पोळ्यांत भूत निघालं तर मला बोलू नका.

मी अपमान गिळून तिथेच बसलो. लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. बसल्या बसल्या त्यांचं काम बघितलं. तळहातावर एरंडेल घ्यायचं आणि गव्हाला चोळायचं. डाळीलाही. शेजारीण म्हणाली, साल भर घुन नहीं लगता, काकाजी.

एक विचार आला. आत्ता लिहीत नाही. डायरीलाही कान असतात.

२९ एप्रिल, शनिवार

मीराबाईंचा फोन. मीच घेतला. आता ती आणखीनच गोड. म्हणाली, काका, एक विनंती, डबा उघडू नका. तसाच थंड जागी राहू द्या. मी आल्यावर आपण मिळून उघडू.

उघडू नका म्हणते. माझा डबा, माझं रीळ, आणि मी उघडू नये! यातच सगळं आलं. उघडायलाच हवा.

३० एप्रिल, रविवार

उघडला.

आत आंबट वास. जुन्या लोणच्यासारखा, नाकात जाणारा. ठेवला तेव्हा असा वास नव्हता. नक्की कोणीतरी आत काहीतरी घातलंय. संशय विष्णूवर. तो कूलरवर चढला तेव्हा मी चष्मा शोधत होतो, म्हणजे त्याला वेळ मिळाला होता.

दुसरी शक्यता, कीड लागण्याच्या आधी असा वास येत असेल.

दोन्हींवर इलाज एकच.

१ मे, सोमवार. दुपारी

अलका भिशीला गेली होती. मी गच्चीच्या जिन्यात बसून रिळाला एरंडेल लावलं. हलक्या हाताने, वीतभर वीतभर, तान्ह्या पोराला लावावं तसं. मधूनमधून फिल्म उजेडाकडे धरून बघत होतो. पिंपळ अप्रतिम! मुंज्या बारीक दिसतो.

फिल्म कंपनीचे लोकसुद्धा इतकी काळजी घेत नसतील. मीराबाईने विचारलं तर सांगणार नाही. ही आमची विद्या आहे, पेटंट होऊन जाईल.

३ मे, बुधवार

बापूला सांगितलं नाही, तरी त्याने विचारलं, गोपाळराव, तुमच्या अंगाला एरंडेलाचा वास येतोय, पोट साफ नाही का? मी हो म्हणालो. त्याने मला अर्धा तास त्याच्या पोटाविषयी सांगितलं. गुप्तता पाळायची म्हणजे असा त्याग करावा लागतो.

५ मे, शुक्रवार

रीळ चिकट झालंय. वेढे एकमेकांना धरून बसलेत. गव्हाचं असं होत नाही. गव्हाला नंतर ऊन दाखवतात, ती पायरी माझ्याकडून राहिली.

७ मे, रविवार

आज ऊन दाखवलं.

सकाळी अलका साबुदाण्याच्या पापड्या घालायला गच्चीवर गेली, तेव्हा मीही गेलो. अर्ध्या गच्चीवर तिची वाळवणं, अर्ध्या गच्चीवर माझं. फिल्म दोरीवर सोडली, उरली ती जुन्या लुगड्यावर पसरली. ती म्हणाली, अण्णा, हे काय करताय? ती बाई उघडू नका म्हणाली होती ना? मी म्हणालो, तू तुझ्या पापड्या बघ.

ऊन असं कडक की चपला जिन्यात विसरलो म्हणून पाय भाजले. कावळे पापड्यांवर आले, फिल्मकडे फिरकले नाहीत. कावळ्यालाही मुंज्याची भीती. याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं?

८ मे, सोमवार

वाळली. जरा जास्तच. चिकटपणा पूर्ण गेला, पण आता तिने कुरडईसारखे वळसे घेतलेत. गुंडाळताना कुरकुर आवाज येतो. हे मजबुतीचं लक्षण. एका टोकाचा थोडा चुरा झाला. तो नुसता सुरुवातीचा कोरा भाग असावा.

श्रीकांतने विचारलं, अण्णा, सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास. त्याने इंदूरला फोन लावून श्रीपादच्या शेजाऱ्यांकडे निरोप दिला की चौदा तारखेला या, अण्णांनी फिल्म जपून ठेवली आहे. श्रीपादने उलट निरोप दिला, दादाला सांगा, येतो.

एवढंच. आभार नाही. मनात काहीतरी आहे त्याच्या.

११ मे, गुरुवार

वळसे जाईनात म्हणून दुपारी अलकाची इस्त्री घेतली. मध्ये ओला रुमाल ठेवून, अगदी कोमट. पण विजेचा काही भरोसा नाही. मध्येच व्होल्टेज वाढलं. दोष वीज मंडळाचा.

इस्त्रीला थोडा मुंज्या लागला.

संध्याकाळी अलकाने पांढऱ्या ब्लाउजवरून इस्त्री फिरवली आणि ओरडली. पाठीवर काळा डाग. हातपाय फेकलेले, शेंडी उडालेली. तिने श्रीकांतला हाक मारली. श्रीकांतने आधी डाग बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, अण्णा, फिल्म कुठे आहे?

मी म्हणालो, सुरक्षित आहे. आणि दार लावून घेतलं.

संकल्प: डाग असलेला ब्लाउज टाकू द्यायचा नाही.

१३ मे, शनिवार

मीराबाई आल्या. वय तिशीचं, खांद्याला पिशवी, हातात पेटीएवढं मशीन. माझ्या पाया पडल्या. मी सावधच होतो. चहा घेता घेता म्हणाल्या, काका, त्या काळात चित्रांचे सिनेमे करणाऱ्यांना भुतं फार आवडायची, सगळीकडे. भुताचे पाय जमिनीला टेकावे लागत नाहीत ना, त्यामुळे चालण्यातल्या चुका खपतात. मी म्हणालो, झाडाचे मात्र टेकावे लागतात. त्या हसल्या. मुलगी वाईट नसावी, पण तसं दाखवायचं नाही.

मग डबा दिला.

त्यांनी झाकण काढलं आणि वास घेतला. एक तुकडा खिडकीकडे धरला. तो मोडला. दुसरा धरला. मग विचारलं, काका, हे कोणी केलं? मी म्हणालो, इकडची हवा फार कोरडी आहे. अलका स्वयंपाकघरातून म्हणाली, हवेच्या हाताला एरंडेलाचा वास येत होता.

मीराबाईंच्या डोळ्यांत पाणी. फिल्म माझी आणि रडते ही. म्हणाल्या, सगळ्या देशात ही एकच प्रत होती.

तात्पर्य, फिल्मची अवस्था एकंदरीत समाधानकारक. फक्त ती मशीनमध्ये जात नाही आणि गेली तरी काही दिसणार नाही.

श्रीकांत म्हणाला, काकांना फोन करून येऊ नका सांगतो. मी म्हणालो, खबरदार. योजना माझ्याकडे आहे.

१४ मे, रविवार. संध्याकाळी

सकाळी देवास गेटच्या स्टँडवर श्रीपादला घ्यायला गेलो. बस आली. सगळे उतरले, तो शेवटी, दांडीला धरून, पायाने पायरी चाचपत. पांढरा झालाय. मी समोर उभा, आणि तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. मी काही बोललो नाही. हा अभिनय आहे की काय, म्हणून दोन पावलं डावीकडे सरकलो. त्याची नजर तिथेच. शेवटी खोकलो. तो लगेच म्हणाला, दादा, अजून तोच खोकला.

रिक्षात म्हणाला, मध्ये काळोख येतो, कडेने थोडं दिसतं. मान तिरपी करून बघेन. चालेल ना?

चालेल म्हणालो.

योजना अशी होती. मशीन रिकामं चालवायचं, चादरीवर नुसता उजेड पाडायचा, आणि त्याच्या शेजारी बसून मी सिनेमा सांगायचा. त्याला धूसर दिसणारच, बाकीचं त्याचं मन भरून घेईल. मीराबाई म्हणाल्या, काका, हे बरोबर नाही, त्यांना खरं सांगा. मी म्हणालो, सांगणारच आहे, सिनेमा संपला की. पण तोपर्यंत श्रीपाद खुर्चीत येऊन बसला होता, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर, मुंजीतल्या बटूसारखा. बाईंनी बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

खिडक्यांना गोधड्या. दारात कूलर. चादरीवर पांढरा चौकोन. मी सुरू केलं. हा बघ पिंपळ. ही उजवी फांदी. ही तिच्यावरची ढोली. आता पानं. पानांचे देठ. श्रीपाद मान तिरपी करून बघत होता. म्हणाला, दादा, मुंज्या? मी म्हणालो, येईल, आधी झाड बघून घे. मग डावी फांदी सांगितली. मुळं सांगितली. मुंज्या पुढे नक्की काय करतो ते ऐनवेळी आठवेना. पुन्हा पानांवर आलो.

आणि लाइट गेली.

मशीन थांबलं. श्रीपादने विचारलं, बंद पडलं का? मी म्हणालो, नाही, हा शांत भाग आहे. तो म्हणाला, दादा, कूलरही शांत झालाय.

अलकाने पदर तोंडात धरला. श्रीकांत बाहेर गेला. मी म्हणालो, कूलर वेगळ्या लाइनवर आहे. श्रीपादने चाचपत माझा हात शोधला आणि म्हणाला, राहू दे. घामाने भिजलायस. पुढचं मी सांगतो.

मग त्याने सांगितलं. त्या बंद खोलीत, गरमीत, सगळा सिनेमा. मुंज्या पहिल्यांदा नुसती शेंडी बाहेर काढतो. मग एक डोळा. मग पारंबीसारखा लोंबकळतो. मुंजीत आईबरोबर एका ताटात शेवटचं जेवतात ना, त्याचं ते मातृभोजन राहून गेलंय. म्हणून दुपारी झाडाखाली जी बाई येईल तिच्यापुढे तो पान मांडतो आणि बाई पळते. त्यातली एकजण डोकं फिरवून बघते आणि डोक्यावरची घागर तशीच हवेत राहते. ती घागर खाली यायला किती चित्रं लागली, ते सांगताना स्वतःच हसला. शेवटी एक म्हातारी येते, तिला दिसत नाही. ती बसते, चाचपून पान पुढे ओढते आणि म्हणते, बाळा, तू आधी. दोघं जेवतात. जेवून झाल्यावर मुंज्या फिकट होत जातो. बरगड्या तेवढ्या मागे राहतात. मग त्याही जातात.

अलका डोळे पुसत होती, घामाने असेल. मीराबाईंनी बॅटरीवरचा टेप केव्हा लावला ते मला कळलंही नाही. परवानगी घेतली नाही.

नोंद: शेवटी मांत्रिक येतो. म्हातारी मला अजिबात आठवत नाही. बहुधा श्रीपादने आत्ता बदललं. झाडाचा उल्लेख एकूण दोनदा.

१५ मे, सोमवार

श्रीपाद गेला. श्रीकांत सोडायला निघाला होता, मी म्हणालो, मी जातो. स्टँडवर त्याला खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला सांगितलं, भैया, इनको इंदौर में सरवटे स्टैंड पे हाथ पकड़ के उतारना. तो म्हणाला, उतार देंगे दादाजी, टेंशन मत लो. टेंशन मत लो म्हणणाऱ्यांचंच टेंशन येतं.

बस सुटायच्या आधी श्रीपाद खिडकीतून म्हणाला, दादा, एरंडेल लावलंस ना रिळाला? काल सिनेमाआधी डबा हातात घेतला तेव्हाच वास आला. मी म्हणालो, कीड लागू नये म्हणून. तो म्हणाला, नाही लागली. चांगलं सांभाळलंस.

हा टोमणा होता की काय, ते ठरेना. विचारायच्या आत बस निघाली. मी म्हणालो, पोचल्याचं कळव. त्याने हात हलवला, पण दुसऱ्याच दिशेला.

१६ मे, मंगळवार

पोचल्याचं कळलं नाही. मी आपणहून फोन करणार नाही. रीत अशी आहे की जाणाऱ्याने कळवायचं.

मीराबाई मोडके तुकडे आणि टेप घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, काका, निदान गोष्ट तरी वाचली. म्हणजे टेपवर त्याचाच आवाज. मी सांगितलेली पानं लाइट जायच्या आधीची, तेव्हा टेप लावलेला नव्हता. योगायोग म्हणायचा की काय?

१७ मे, बुधवार. दुपारी

काही नाही.

सकाळी श्रीकांत बँकेत गेल्यावर रीत बाजूला ठेवली आणि श्रीपादच्या शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अलका म्हणाली, सुट्ट्या आहेत, बाहेरगावी गेले असतील, काका घरी आरामात असतील. तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा आहे, पण तीही सकाळपासून दोनदा फोनपाशी जाऊन आली. मी बघितलं.

बापू म्हणतो, इंदूरच्या स्टँडवर फार गर्दी असते. कशाला म्हणतो असं?

संकल्प सुचत नाही.

श्रीपाद, ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही, आणि तू तर वाचूही शकणार नाहीस. तरी लिहितो. म्हातारी होती, मान्य. टोमणा होता का, तेही विचारणार नाही. पोचल्याचं तेवढं कळव. तुला नंबर फिरवता येत नसेल तर दुसऱ्या कोणाकडून कळव. पण लवकर कळव.